आकड्याला वाली हवा : गरोदरपणातला रक्तदाब आणि हातातला मोबाइल



ज्या परिचारिकाबाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर बाळंतपणं केली. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर उभं राहून गरोदर बायकांविषयी बोलायला मिळावं, हा मी माझा मान समजते.

आजचा प्रश्न साधा आहे. एखाद्या गरोदर बाईचं बीपी तिच्या घरी, तिच्या दारात मोजलं आणि ते मोबाइलमध्ये नोंदलं, तर तिचा जीव वाचतो का? उत्तर शेवटापर्यंत राखून ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. नुसत्या नोंदीने जीव वाचत नाही. ती नोंद बघून कुणीतरी वेळेत हललं, तर वाचतो. बाकीचं सगळं भाषण या दोन वाक्यांमधल्या अंतराविषयी आहे.

आता क्रमाने जाऊ.

पहिला मुद्दा आजाराचा. बाई तपासणीला येते. आपण विचारतो, "काही त्रास?" ती म्हणते, "काही नाही, बरी आहे." आणि तिचं बीपी असतं १५०/१००. ती काही लपवत नसते. तिला खरोखरच काही जाणवत नसतं. डोकं ठणकायला लागतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, छातीच्या खाली पोटात दुखतं, चेहरा सुजतो, तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. त्यातही घरातली मोठी माणसं म्हणतात, दिवस भरत आले की पाय सुजायचेच. खरं आहे, पाय पुष्कळ जणींचे सुजतात. म्हणून तर नुसत्या सुजेवरून काही ठरवता येत नाही. बीपी मोजावंच लागतं.

हे होतं कशामुळे? गर्भ रुजत असताना वारेला रक्त पुरवणाऱ्या गर्भाशयातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात. काही जणींच्या त्या पुरेशा रुंद होत नाहीत. वारेला रक्त कमी पडतं, आणि तिच्यातून आईच्या रक्तात अशी द्रव्यं उतरतात की साऱ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. मग बीपी चढतं, लघवीतून प्रथिनं जातात, यकृत आणि मूत्रपिंडं थकतात, प्लेटलेट घटतात, आणि शेवटी मेंदूवर आलं की झटके येतात. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याहून वर गेलं आणि चार तासांनी पुन्हा तसंच भरलं, तर ते वाढलेलं समजायचं. १६०/११०ला पोचलं की ती तातडीची वेळ. आणि मुळातून बरं करणारा इलाज एकच : बाळंतपण होऊन वार बाहेर पडणं. तोवर आईला आणि बाळाला सांभाळून न्यायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४च्या अंदाजानुसार जगात गरोदरपणाशी आणि बाळंतपणाशी निगडित जे मातामृत्यू होतात, त्यांतले सुमारे १४ टक्के या रक्तदाबाच्या विकारांमुळे होतात. म्हणजे दर सात मातामृत्यूंमागे एक. एकूण मातामृत्यू कमी करण्यात महाराष्ट्राने मोठी मजल मारली आहे. २०१८ ते २०२० या काळात देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. आपण अभिमान बाळगावा असा हा आकडा आहे. पण त्या ३३ जणींपैकी कुणाच्या घरी जाऊन हा अभिमान बोलून दाखवता येईल का?

आणि हे सगळं औषध नसल्यामुळे होतं का? तसंही नाही. मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त, जुनं इंजेक्शन आहे. २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. या इंजेक्शनामुळे झटके येण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे त्यातून पक्कं ठरलं. उपकेंद्रातल्या सिस्टरने पहिला डोस स्नायूत देऊन मगच बाईला पुढे पाठवावं, असं आपल्या सरकारी सूचनांतही आहे.

बीपी उतरवण्याच्या गोळ्यांचा पुरावा तर आपल्या नागपुरातून जगाला मिळाला. तिथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्त्री रुग्णालय या दोन सरकारी ठिकाणी ८९४ स्त्रियांवर अभ्यास झाला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. या सगळ्यांचं बीपी तातडीच्या पातळीवर गेलेलं होतं. कुणाला निफेडिपिन दिलं, कुणाला लॅबेटालॉल, कुणाला मिथिलडोपा. तिन्ही तोंडाने घ्यायच्या गोळ्या. सहा तासांत, काही अपाय न होता बीपी ठरलेल्या पातळीवर आलं अशा स्त्रिया निफेडिपिनच्या गटात ८४ टक्के होत्या, लॅबेटालॉलच्या गटात ७७ आणि मिथिलडोपाच्या गटात ७६ टक्के. सलाइन नको, पंप नको, अतिदक्षता विभाग नको. पेलाभर पाणी आणि गोळी. जिथे शिरेतून औषध द्यायची सोय नाही, तिथल्या डॉक्टरांना केवढा धीर आला असेल याने!

मग औषध आहे, स्वस्त आहे, सिद्ध झालेलं आहे, तरी बाई का दगावते? वेळ निघून जाते म्हणून. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात तीन उशीर सांगितले जातात. जायचं की नाही हे ठरवण्यातला उशीर, दवाखान्यापर्यंत पोचण्यातला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला उशीर. मोबाइलचं काम काय, हे या तीन उशिरांच्या हिशेबातच बघायला हवं.

दुसरा मुद्दा मोजण्याचा. एक घर डोळ्यांसमोर आणा. दुपारची वेळ. बाई आठव्या महिन्यातली, हापशावरून घागर भरून नुकतीच आत आलेली. गावच्या आशा स्वयंसेविका, म्हणजे आशाताई, येतात, पिशवीतून बीपीचं यंत्र काढतात. शिकवल्याप्रमाणे वागल्या तर त्या लगेच पट्टा बांधत नाहीत. आधी तिला पाच मिनिटं नुसती बसवतात. पाठ भिंतीला टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, पायावर पाय नाही. हात उघडा, कोपराच्या वर पट्टा, हाताखाली घडी घातलेली गोधडी, म्हणजे दंड छातीच्या पातळीला येतो. शेजारीण गप्पा मारायला येते, तिला थांबवतात. "आता बोलू नको गं, मशीन चालू आहे." १४८/९६. थोडं थांबून पुन्हा. १४४/९४. आशाताई तो आकडा फोनमध्ये भरतात. रेंज नसते, अंगणात जाऊन हात उंच धरतात, आणि आकडा जातो.

ही पाच मिनिटं कोणतंही ॲप वाचवू शकत नाही. चुकीचा मोजलेला आकडा फोनमुळे बरोबर होत नाही, फक्त लवकर पोचतो. यंत्रही साधं चालत नाही. मोठ्या माणसांसाठी पारखलेली कित्येक यंत्रं या आजारात बीपी कमी दाखवतात, म्हणून गरोदरपणासाठी वेगळं पारखून घेतलेलंच यंत्र हवं. जाड दंडाला मोठा पट्टा हवा. आणि फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगू म्हणणाऱ्या ॲपवर कुठल्याही गरोदर बाईने विसंबू नये. हे मी हात जोडून सांगते.

लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी एक चांगलं यंत्र तयार केलं, क्रेडल नावाचं. आकड्याबरोबर ते हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा दाखवतं, आणि फोनच्याच चार्जरवर चार्ज होतं. जिला आकडे नीट वाचता येत नाहीत तिलाही लाल दिवा कळतो. आफ्रिकेतले देश, हैती आणि आपल्या शेजारचं गोकाक अशा ठिकाणी पाच लाखांहून अधिक बाळंतपणांमध्ये ते वापरून पाहिलं गेलं. यंत्र आल्यावर मृत्यू आणि गंभीर गुंतागुंत काहीशी कमी झाली. पण त्या काळात एरवीही परिस्थिती सुधारतच होती. तो भाग वजा केल्यावर, हे यंत्रामुळेच झालं असं ठामपणे म्हणता आलं नाही.

आता परत त्या घराकडे या. १४४/९४ हा आकडा आशाताईंच्या फोनमधून गेला. कुठे गेला? सर्व्हरवर गेला, तक्त्यात गेला, महिन्याच्या अहवालात जाईल. पण तो वाचून "उद्या सकाळी या बाईला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन या" असं म्हणायचं काम कुणाचं? त्या माणसाचं नाव काय? तो रजेवर असेल तर कुणाचं? या प्रश्नांना उत्तर नसेल, तर तो आकडा पोरका आहे.

तिसरा मुद्दा याच्याच पुराव्याचा. क्लिप नावाचा एक मोठा अभ्यास झाला. मोझांबिक, पाकिस्तानातला सिंध प्रांत, आणि भारतात बेळगाव आणि बागलकोट जिल्हे. बेळगावात केएलई संस्थेच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने हे काम उचललं. ही आपली माणसं, आपल्यासारखीच गावं. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हातात मोबाइल ॲप दिलं. बाईचं बीपी, तिच्या तक्रारी, बोटाला लावून मोजलेलं रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, हे सगळं भरलं की ॲप सांगणार : हिला घरीच ठेवा, हिला दवाखान्यात पाठवा, हिला गोळी द्या, हिला मॅग्नेशियमचं इंजेक्शन देऊन आत्ताच्या आत्ता पाठवा. शिवाय गावागावांत बैठका, नवऱ्यांना आणि सासवांना सोबत घेणं. तिन्ही देशांतल्या मिळून सुमारे ६९ हजार गरोदरपणांची माहिती एकत्र करून निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले.

निष्कर्ष काय? आई आणि बाळ यांच्या मृत्यूंचं आणि गंभीर गुंतागुंतींचं एकूण प्रमाण घटलं नाही.

श्रोतेहो, इथे थांबून विचार करायला हवा. इतकी चांगली कल्पना, इतक्या निष्ठेने राबवलेली, आणि फरक नाही? याचा अर्थ मोबाइल निरुपयोगी ठरला का? मला तसं वाटत नाही, आणि त्याच अभ्यासातल्या एका गोष्टीमुळे वाटत नाही. ज्या बायकांची या कार्यक्रमात आठ किंवा अधिक वेळा भेट झाली, त्यांच्यात वाईट घटना कमी दिसल्या. आठ भेटी. गरोदरपणात किमान आठ भेटी व्हाव्यात, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ साली सांगितलं आहे. आठ वेळा कुणीतरी दारात आलं, पट्टा बांधला, विचारपूस केली. ॲप सगळ्यांना तेच होतं. फरक दिसला तो माणूस किती वेळा आला याने.

आणि दुसरं. गोळी घरी मिळाली, इंजेक्शन घरी मिळालं, बाई निघाली. पण ती जिथे पोचली त्या रुग्णालयात त्या रात्री डॉक्टर होते का? रक्त होतं का? शस्त्रक्रियागृह चालू होतं का? पहिले दोन उशीर फोन कमी करू शकतो. तिसरा उशीर फोन फक्त दाखवू शकतो. तो भरून काढायचं काम सरकारचं, प्रशासनाचं आणि आमच्यासारख्या डॉक्टरांचं आहे.

ब्रिटनचाही दाखला देते, म्हणजे ही फक्त गरीब देशांची अडचण आहे असा समज नको. तिथे जोखीम जास्त असलेल्या २,४४१ गरोदर स्त्रियांना घरी स्वतः बीपी मोजून ॲपमधून कळवायला सांगितलं. २०२२ साली निष्कर्ष आले. दवाखान्यात वाढलेलं बीपी लक्षात येण्याची वेळ त्यामुळे अलीकडे आली नाही. घरी मोजण्याने अपाय काही झाला नाही, पण नुसत्या मोजण्याने लाभही झाला नाही. विलायत असो की बेळगाव, धडा एकच. आकडा कळणं आणि उपचार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चौथा मुद्दा : फोन कुणाचा, आणि बाई कुठे? आपण सहज म्हणतो, आता प्रत्येकीच्या हातात फोन आहे. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५४ टक्के स्त्रियांनी सांगितलं, की स्वतः वापरता येईल असा फोन आमच्याकडे आहे. उरलेल्या ४६ टक्क्यांचं काय? त्यांच्या घरचा फोन नवऱ्याबरोबर कामावर जातो आणि संध्याकाळी परततो. मुंबईत आरमान या संस्थेने एममित्र ही सेवा सुरू केली, तेव्हा त्यांनी ही गोष्ट नीट ओळखली. गरोदर बाईला तिच्या भाषेत, तिनेच सांगितलेल्या वेळेला, बोलका संदेश जातो. वाचावं लागत नाही आणि फोन घरात असतानाच तो येतो. आपलं तंत्रज्ञान बाईच्या दिवसाकडे बघून आखायला हवं, ते असं.

आणि आपल्याकडे बाई एका जागी राहते का? पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मायेची रीत आहे, ती मोडा असं मी म्हणणार नाही. पण तिचं बीपी सहा-सात महिने सासरच्या आशाताईंनी मोजलेलं असतं, आणि नेमक्या धोक्याच्या दिवसांत ती दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या जिल्ह्यात जाते. तिथल्या सिस्टरला काय ठाऊक, की हिचं बीपी पहिल्यांदा सव्विसाव्या आठवड्यात चढलं होतं? तिच्या हातातलं माता-बाल संरक्षण कार्ड नीट भरलेलं असेल तर कळतं, नाहीतर नाही. आणि ऊसतोडीला गेलेल्या बायका? दिवाळीच्या सुमारास बीडहून निघतात त्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, फडावर, पालावर. पोटात बाळ, डोक्यावर मोळी. तिच्या गावची आशाताई गावात, आणि ती तीनशे किलोमीटरवर.

मोबाइलचं खरं सामर्थ्य मला इथे दिसतं. दर गरोदर बाईला नोंदणी क्रमांक आपण देतोच. त्या क्रमांकाबरोबर तिचं बीपी माहेरच्या उपकेंद्रात आणि कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात उघडलं गेलं पाहिजे. सासरच्या आशाताईंनी फोन करून माहेरच्या आशाताईंना सांगितलं पाहिजे : "माझी बाई तुमच्याकडे येतेय, हिच्याकडे लक्ष ठेवा." याला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. एक फोन लागतो, आणि तो करणं हे आपलं काम आहे असं वाटणारी दोन माणसं लागतात. त्या आशाताईंना कामाप्रमाणे मोबदला आपण देतो. मग या फोनचाही मोबदला द्या. त्यांच्या चांगुलपणावर किती दिवस कार्यक्रम चालवणार?

पाचवा मुद्दा शेवटचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. बाळंतपण झालं, आई-बाळ सुखरूप, पेढे वाटले. धोका संपला असं सगळ्यांना वाटतं. तो संपलेला नसतो. बाळंतपणानंतर बीपी पुन्हा चढतं, आणि साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत ते सर्वांत वर असतं. साध्या बाळंतपणानंतर आपण बाईला ४८ तासांनी घरी सोडतो. म्हणजे बीपी चढायच्या नेमक्या वेळी ती रुग्णालयातून बाहेर पडलेली असते. घरी गेल्यावर सव्वा महिना ती उंबरठ्याबाहेर पडत नाही. बाळ रडलं तर सगळे धावतात. बाळंतिणीचं डोकं दुखलं तर कुणी म्हणतं, जागरणामुळे दुखत असेल.

इथे मोबाइलचा पुरावा भक्कम आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०६ बाळंतिणींचा अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीसारखं दवाखान्यात या म्हणून सांगितलं. दुसऱ्या गटाला यंत्र घरी दिलं, रोज मोजून मेसेज करा म्हटलं, आणि मेसेजला उत्तर द्यायला माणसं ठेवली. पहिल्या दहा दिवसांत दवाखान्याच्या गटात निम्म्याहून कमी जणींचं बीपी कळलं. मेसेजच्या गटात ९२ टक्के जणींचं कळलं. ऑक्सफर्डमध्ये २२० बाळंतिणींपैकी निम्म्या जणींनी घरी बीपी मोजलं, आणि डॉक्टरांनी तो आकडा दुरून बघून ॲपमधूनच गोळीचा डोस कमी-जास्त केला. २०२३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की सुमारे नऊ महिन्यांनंतरही या स्त्रियांचं खालचं बीपी इतर जणींपेक्षा जवळपास सहा अंकांनी कमी होतं. हे छोटं नाही. ज्या बाईला गरोदरपणात हा आजार झाला, तिला पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका सुमारे दुप्पट असतो. ते पहिले काही आठवडे सांभाळले, तर पुढची वर्षं सांभाळायला मदत होऊ शकते.

या दोन्ही ठिकाणी वेगळं काय होतं, तुमच्या लक्षात आलं का? आकडा आला की उत्तर द्यायला माणूस नेमलेला होता. गोळी बदलायचा अधिकार त्या माणसाला होता. आकड्याला वाली होता.

आणि आपल्याकडे यासाठी नवी फौज उभारावी लागणार नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दाखवून दिलं, की गावातली शिकवलेली बाई घरी जाऊन नवजात बाळ वाचवू शकते. त्याच वाटेने देशभर आशाताई बाळाला बघायला घरी जाऊ लागल्या. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे त्या कोणत्या दिवशी जातात? तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. पुन्हा ऐका. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी. बीपी चढायचे नेमके तेच दिवस! बाळाचं वजन करायचा काटा आणि थर्मामीटर त्यांच्या पिशवीत असतात. त्याच पिशवीत पारखलेलं बीपीचं यंत्र ठेवा, फोनमध्ये एक रकाना वाढवा, आणि त्या रकान्याला उत्तर देणारा डॉक्टर नेमा. बाळाला बघायला गेलेली ताई आईलाही बघून येईल.

आता आवरतं घेते. सांगितलं ते थोडक्यात असं. हा आजार मुकाट्याने वाढतो, म्हणून मोजणं टाळता येत नाही. मोजायचं तर नीट मोजायचं, पारखलेल्या यंत्राने. औषध आपल्याकडे आहे, आणि त्याचा पुरावा नागपूरने दिला आहे. नुसत्या ॲपने भागत नाही, हे बेळगावने दाखवलं. नोंद बाईबरोबर माहेरी आणि फडावर गेली पाहिजे. आणि बाळंतपणानंतरचे दिवस मोबाइलच्या मदतीने सांभाळता येतात, याचा पुरावा आता हातात आहे.

यावर माझ्या तीन मागण्या आहेत. या सभागृहात जिल्हा परिषदेतली, आरोग्य खात्यातली, सामाजिक संस्थांमधली माणसं बसली आहेत, म्हणून मुद्दाम मांडते. पहिली : मोबाइलमधून बीपीचा आकडा घेणाऱ्या प्रत्येक योजनेत, तो आकडा किती वेळात कोण बघणार, हे नावानिशी लिहिलेलं असावं. १४०/९० किंवा त्याहून वर असेल तर एका दिवसात, १६०/११० किंवा त्याहून वर असेल तर त्याच घटकेला. दुसरी : तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या भेटीत आईचं बीपी सक्तीने मोजलं जावं. तिसरी : उपकेंद्रात बीपीच्या गोळ्या आणि मॅग्नेशियम सल्फेट आहे की नाही, हे दर आठवड्याला तपासलं जावं, आणि संपलं असेल तर त्याची जबाबदारी त्या सिस्टरवर न ढकलता पुरवठा करणाऱ्यावर टाकावी.

आणि घरी जाऊन तुम्हा प्रत्येकाला करता येईल असंही एक काम आहे. घरात, नात्यात, शेजारी कुणी गरोदर असेल किंवा नुकती बाळंत झाली असेल, तर आज रात्री तिला विचारा : "शेवटचं बीपी कधी मोजलं होतं? किती होतं?" तिला आकडा सांगता आला नाही, तर उद्या सकाळी तिला घेऊन निघा.